शेपटामागची रेघ

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी मुंबईहून श्रीनगरला निघालेलं विमान राजस्थान मागे टाकून पंजाबवर येतं, तेव्हा खाली जमीन अशी नसतेच. धुक्याची पांढरीशुभ्र चादर क्षितिजापर्यंत अंथरलेली असते. डावीकडच्या खिडकीला नाक लावून बसलेल्या प्रवाशाला कधी कधी त्या चादरीवर एक करडी रेघ दिसते. सरळ, फुटपट्टी धरून ओढल्यासारखी. आधी वाटतं रस्ता असेल, नाहीतर कालवा. मग ध्यानात येतं की रेघेचं पुढचं टोक पळतंय, आणि ते विमानाच्याच वेगाने पळतंय.

ती सावली असते. विमानाची नव्हे, विमानाने मागे सोडलेल्या पांढऱ्या पट्ट्याची.

जमिनीवरून हा पट्टा कोणालाही दिसतो. खेडोपाडी पोरं आभाळाकडे बोट करून ‘रॉकेट, रॉकेट’ म्हणून ओरडतात आणि अंगणातली म्हातारी माणसंही डोळ्यांवर हात धरून वर बघतात. तो दिसत नाही फक्त आत बसलेल्या दीड-दोनशे माणसांना, ज्यांच्यामुळे तो उमटला त्यांना. याचं कारण साधं आहे. विमानाच्या खिडक्या बाजूला उघडतात आणि रेघ मागे उरते. तरीही ती पाहता येते. कुठे आणि केव्हा बघायचं, एवढं ठाऊक हवं.

आधी ती बनते कशी ते पाहू. पुष्कळांना ती इंजिनाचा धूर वाटते. पण महाबळेश्वरच्या थंडीत बोलताना तोंडातून जी वाफ दिसते, तिच्याच जातीची ही वस्तू आहे. एक किलो विमानइंधन जळलं की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळत असल्याने पाण्याचं वजन इंधनाहून जास्त भरतं. ही गरम, ओली हवा बाहेरच्या उणे 40-50 अंशांच्या हवेत मिसळली की क्षणभर तिच्यात मावणार नाही इतकं बाष्प होतं. इंजिनातून निघालेल्या काजळीच्या अतिसूक्ष्म कणांभोवती पाणी जमतं आणि तिथल्या तिथे गोठतं. म्हणजे रेघ असते बर्फाची. ती नेमकी कोणत्या तापमानाला आणि किती आर्द्रतेला उमटेल, याचं गणित जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी 1941 मध्ये आणि अमेरिकेत हर्बर्ट ऍपलमन यांनी 1953 मध्ये मांडलं. आजही हवामानशास्त्रज्ञ ते दोघांच्या नावांनीच ओळखतात.

महाराष्ट्राच्या आभाळात या रेघा युरोपच्या मानाने कमी का, याचं उत्तरही या गणितातच आहे. उष्ण कटिबंधात वरची हवाही तुलनेने उबदार असते. लंडनवर साडेआठ-नऊ किलोमीटर उंचीला जी थंडी भेटते, तिच्यासाठी मुंबईवर दहा-साडेदहा किलोमीटर चढावं लागतं, आणि देशांतर्गत विमानं साधारण त्याच उंचीवर उडतात. त्यामुळे आपल्याकडे रेघ उमटणं-न उमटणं काठावर असतं. विमान जसजसं उत्तरेकडे सरकतं तसतशी हिवाळ्यात वरची हवा थंड होत जाते. समोरच्या पडद्यावर नकाशासोबत बाहेरचं तापमान दाखवत असतील, तर त्याकडे लक्ष ठेवावं. आकडा उणे 40 च्या खाली गेला की मागे रेघ निघू लागण्याची शक्यता धरायला हरकत नाही.

मग ती खिडकीतून थेट का दिसत नाही? कारण इंजिनाच्या तोंडाशी ती नसतेच. बाहेर पडणारा झोत इतका तापलेला असतो की थंड हवेत मिसळून निवायला त्याला क्षणभर वेळ लागतो. तो क्षण सेकंदाच्या पाव भागाहूनही लहान असेल, पण ताशी 900 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 250 मीटर. तेवढ्यात विमान तीस-चाळीस मीटर पुढे गेलेलं असतं. एअरबस ए-320 ची सगळी लांबीच साडेसदतीस मीटर. म्हणजे रेघ सुरू होते तोवर शेपूट निघून गेलेलं असतं. लांबलचक विमानात मात्र संधी असते. बोइंग 777-300 ईआर जवळपास 74 मीटर लांब आहे, इंजिनं पंखाखाली, आणि शेवटच्या रांगा त्यांच्या बऱ्याच मागे. तिथल्या खिडकीला गाल टेकवून मागे पाहिलं, तर काचेच्या कडेशी आधी काहीच नसतं आणि मग एकदम हवेतून फुटल्यासारखा पांढरा दोर निघालेला दिसतो. सूर्य तिरपा असेल तर त्याच्या कडा मोत्यासारख्या चमकतात. विमान मोठं वळण घेतं तेव्हाही आपण आलो ती वाट आभाळात वाकलेली दिसते.

पण सगळ्यांत सोपं आणि सुंदर दर्शन सावलीचंच. यासाठी सूर्याच्या उलट बाजूची खिडकी हवी. सकाळी उत्तरेला जाताना डावी बाजू. आणि गंमत अशी की संध्याकाळी दक्षिणेला परतताना सूर्य पश्चिमेला असल्याने पुन्हा डावीच. खाली ढग किंवा धुकं असलं की पडदा तयार.

इथे एक कोडं पडतं. इतकं मोठं विमान असून त्याची सावली दिसत नाही, आणि विरळ बर्फाच्या रेघेची मात्र दिसते, ती कशी? सूर्य हा ठिपका नाही, तबकडी आहे. आभाळात अर्धा अंश जागा व्यापणारी. त्यामुळे सावलीच्या कडा अंतरासोबत विरघळत जातात. वस्तूच्या रुंदीच्या शंभर-सव्वाशेपट अंतरानंतर गडद सावली उरतच नाही. विमानाचं धड चार मीटर रुंद धरलं तर त्याची गडद सावली जेमतेम चारशे मीटरपर्यंत टिकते. विमानाची रेखीव सावली म्हणूनच ढगांना लगटून जाताना दिसते, दहा किलोमीटरवरून नाही. रेघ मात्र मागे जाईल तशी पसरत शंभर, दोनशे मीटर रुंद होते, आणि लांबी तर मैलोन्‌मैल. तिची सावली पुसली जात नाही. नीट पाहिलं तर पुढचं टोक पुसट आणि मागचा भाग ठसठशीत दिसतो.

त्या टोकाशी कधी कधी आणखी एक नवल असतं: रंगीत वर्तुळ. मराठी मुलखाला हे नवं नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात दरी धुक्याने भरली आणि पाठीमागून ऊन पडलं, की आपल्याच सावलीभोवती जे गोल इंद्रधनुष्य उमटतं, तेच हे इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावरच्या आपल्या निबंधात या गडावरच्या वर्तुळांचं वर्णन केलं होतं. तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने 1835 मध्ये छापला. कड्यावर उभं राहून गिर्यारोहक जे पाहतात तेच विमानातून दिसतं, कारण लागतं तेवढंच: पाठीमागे सूर्य आणि समोर पाण्याचे बारीक थेंब. यातली एक खुबी फार थोड्यांना माहीत असते. इंद्रवज्राचा मध्य पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या सावलीवर असतो. दहाव्या रांगेतल्या माणसाचं वर्तुळ दहाव्या रांगेवर, तिसाव्या रांगेतल्याचं तिसाव्यावर. विमान ढगांजवळ असताना काढलेल्या फोटोत वर्तुळ पंखाच्या मागे पडलं असेल, तर फोटो काढणारा मागे बसला होता, हे न विचारता कळतं.

पावसाळ्यात निराळाच प्रकार बघायला मिळतो. मुंबईला किंवा गोव्याला दमट हवेत विमान उतरू लागतं, पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली येतात, आणि त्यांच्या कडेपासून पांढरी दोरी पीळ खात मागे धावते. कधी पंखाच्या पाठीवरच वाफेचा पदर क्षणभर येतो आणि जातो. हिचा इंजिनाशी काही संबंध नाही. पंखावरून आणि भोवऱ्याच्या गाभ्यातून जाणाऱ्या हवेचा दाब एकाएकी घटतो, ती निवते आणि तिच्यातलंच बाष्प थेंब होऊन दिसू लागतं. दाब पूर्ववत झाला की थेंब गडप. नवख्या प्रवाशांना ती इंधनगळती वाटते आणि ते घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. मुंबईच्या जुलैत ते अगदी रोजचं आहे.

आपली रेघ आपल्याला दिसणं हा एके काळी जिवाचा प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची काही स्पिटफायर विमानं शत्रूच्या मुलखाचे फोटो काढायला एकेकटी जात. वजन वाचवायला त्यांच्यावरच्या बंदुका काढलेल्या असत, आभाळात मिसळावीत म्हणून रंग निळा दिलेला असे. पण मागे रेघ निघाली की त्या निळ्या रंगाचा काय उपयोग? खालून कोणीही बोट करून दाखवावं, हे बघा विमान. म्हणून वैमानिकाजवळ मागे पाहायला आरसा असे आणि काचेच्या झाकणाला दोन्ही बाजूंनी फुगवटे, मान वळवून शेपटापलीकडे बघता यावं यासाठी. ज्या उंचीला रेघ निघायला लागते तिला त्यांनी ‘मिन्ट्रा’ असं नावच देऊन टाकलं होतं. त्या उंचीच्या किंचित खाली राहून उडायचं. स्वतःची रेघ उमटत नाही, आणि वरून कोणी झडप घालायला आलाच तर त्याची मात्र उमटते. एकटा माणूस, हातात शस्त्र नाही, आणि सगळी भिस्त आरशातल्या एका पांढऱ्या धाग्यावर. आज पॉपकॉर्न खात खिडकीबाहेर पाहणाऱ्या प्रवाशाने हे एकदा आठवावं असं वाटतं.

आताची चिंता वेगळी आहे. काही रेघा विमानामागे बोटभर लांबीच्या दिसतात आणि मिटतात. काही तासन्‌तास राहतात, पसरतात, आणि संध्याकाळपर्यंत आभाळभर पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ होतात. फरक वरच्या हवेत असतो. ती कोरडी असेल तर बर्फाचे कण लगेच उडून जातात. तिच्यात बर्फाच्या हिशोबाने गरजेपेक्षा जास्त बाष्प असेल, तर हे कण त्या बाष्पावर पोसले जातात. ए-320 सारखं विमान वाटेत मीटरमागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतं. चहाचा चमचाही भरणार नाही. पसरलेल्या ढगातलं बहुतेक पाणी विमानाचं नसतंच, ते आधीपासून हवेत अडून बसलेलं असतं. विमान त्याला विरजण लावून जातं.

सप्टेंबर 2001 मधल्या हल्ल्यांनंतर अमेरिकेचं आकाश तीन दिवस प्रवासी विमानांवाचून रिकामं झालं. तेव्हा नासाच्या पॅट्रिक मिनिस यांना उपग्रहचित्रांत अवघ्या सहा लष्करी विमानांच्या रेघा सुट्या दिसल्या. त्या पसरत पसरत 20,000 चौरस किलोमीटरवर गेल्या. पुणे जिल्हा साडेपंधरा हजारांचा आहे, त्यावरून अंदाज यावा. त्याच तीन दिवसांत दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक एका अंशाहून जास्त वाढल्याचं डेव्हिड ट्रॅव्हिस आणि सहकाऱ्यांनी मांडलं. पुढे काही अभ्यासकांनी त्याचं श्रेय रेघांच्या अभावाला नव्हे, त्या दिवसांतल्या निरभ्र हवेला दिलं. तो वाद राहिला, पण मूळ मुद्दा पक्का आहे: हे ढग दिवसा थोडं ऊन परतवतात आणि दिवस-रात्र जमिनीची उष्णता अडवतात. एकंदर हिशोब तापण्याच्या बाजूने जातो. 2021 मधल्या एका मोठ्या आढाव्यात विमानांमुळे होणाऱ्या तापमानवाढीत या ढगांचा वाटा विमानांच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षाही मोठा निघाला, अर्थात आकड्यांत बरीच अनिश्चितता धरून.

दिलासा एवढाच की सगळी विमानं सारखी दोषी नाहीत. जपानच्या आकाशातल्या उड्डाणांचा हिशोब मांडला तेव्हा रेघांच्या उष्णतेपैकी 80 टक्के भार फक्त 2.2 टक्के उड्डाणांचा निघाला. बाष्पाने भरलेले हे थर रुंद असले तरी पातळ असतात, पुष्कळदा काहीशे मीटर जाडीचे. ते कुठे आहेत हे आधी कळलं, तर विमानाने सहाशे मीटर वर किंवा खाली होणं पुरतं. 2023 मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने 70 उड्डाणांवर हे करून पाहिलं. उपग्रहातून मोजलं तेव्हा रेघा 54 टक्क्यांनी घटल्या होत्या. वाट बदललेल्या विमानांना इंधन दोन टक्के जास्त लागलं. ढगाचं नेमकं भाकीत करणं अजून अवघड आहे आणि जादा इंधनाचा हिशोबही चुकवता येत नाही. तरी इतक्या थोड्या बदलात एवढं साधत असेल, तर विमान कंपन्यांनी आणि हवाई वाहतूक सांभाळणाऱ्यांनी याला हात घालायला उशीर करू नये.

सर्वांत जास्त तापवणारी रेघ असते रात्रीची. तिच्याकडे परतवायला ऊन नसतं, ती नुसती ऊब धरून ठेवते. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. जेवणाचे ट्रे उचलले जातात, दिवे मालवतात, खिडक्यांच्या झडपा खाली येतात. त्या वेळी मागच्या रांगेतल्या कोणाला झोप लागली नसेल आणि पौर्णिमा जवळ असेल, तर झडप वीतभर उचलून, हाताचा आडोसा करून मागे पाहावं. डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. मग पंखाच्या मागे, चांदण्यात, निळसर राखाडी रंगाचा एक पट्टा दूरवर गेलेला दिसू लागतो.