सुताराच्या कामाची जाहिरात: थोडे अनुभवाचे

परवा लाकडाच्या वखारीत एका तरुण सुताराने, काम चोख असूनही फोनवरून गिऱ्हाईक का मिळत नाही, असे मला विचारले, आणि त्याने दाखवलेली चकचकीत कपाटांची छायाचित्रे पाहताच त्याची अडचण माझ्या ध्यानात आली.

तयार कपाट सर्वांचेच सारखे दिसते. परंतु ज्या परक्या माणसाला आठ-पंधरा दिवस घरात वावरू द्यायचे, त्याच्याविषयी गृहस्थाच्या मनात इतबार उत्पन्न होतो तो कामाच्या मधल्या टप्प्यांवरून.

म्हणून मी खाचेत नेमके बसलेले कुसू, स्वयंपाकघरासाठी आणलेल्या मरीन प्लायवरचा 'आयएस ७१०' हा शिक्का, संध्याकाळी भुसा झाडून लख्ख केलेली फरशी, यांची चित्रे घरमालकाच्या परवानगीने व्हॉट्सॲप स्टेटसवर ठेवतो. त्या फरशीच्या चित्रावरून मला जितकी विचारणा झाली, तितकी कोणत्याही पलंगावरून झाली नाही!

स्टेटसची मुदत अवघी २४ तासांची. शिवाय तो दिसण्यास दोघांनीही परस्परांचे क्रमांक जतन केलेले असावे लागतात. यास्तव हिशेबाचा कागद देतानाच, "ताई, माझा नंबर सेव्ह करून ठेवा," असे मी आवर्जून सांगतो.

टिकाऊ दफ्तर म्हणून व्हॉट्सॲप बिझनेसमधील कॅटलॉग उपयोगी पडतो. त्यात लाकूड, मापे व लागलेले दिवस यांचा तपशील मराठीत लिहावा. दर मात्र जागा पाहिल्यावाचून सांगू नये.

कोणास काही शंका असल्यास खाली अवश्य विचारा. रात्री काम आटोपल्यावर उत्तर देईन.