हातचे राखून खेळावे का?

गेल्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ शाळांच्या हॉकी स्पर्धेत गोलरक्षक होता. सामना बाद पद्धतीचा. मध्यंतरालाच नऊ गोल चढले होते. शेवटी फलकावर १७-० लागले. बाहेर उभे असलेले लोक प्रत्येक गोल मोठ्याने मोजत होते. परतताना कृष्णपुऱ्याच्या छत्र्या येईपर्यंत तो गप्पच होता. मग एवढेच म्हणाला, "दादा, नऊ झाल्यावर त्यांना आणखी कशाला हवे होते?"

प्रश्न साधा आहे, उत्तर तितके साधे नाही. मोठ्या फरकाचे विजय हॉकीला नवे नाहीत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळवला. १९५६ मध्ये मेलबर्नला त्याच अमेरिकेला १६-० असे हरवले. त्या संपूर्ण स्पर्धेत भारताने एकही गोल स्वीकारला नाही; त्या संघाचे गोलरक्षक होते आपल्या शेजारच्या महूचे शंकर लक्ष्मण. या विजयांचा आपल्याला अभिमानच वाटतो.

शिवाय साखळी सामन्यांत प्रत्येक गोलाला किंमत असते. दोन संघांचे गुण आणि विजय सारखे असले, तर केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा करतात. हाच गोलफरक; आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत खात्यावरची शिल्लक! २०२२ च्या आशिया चषकात जकार्ता येथे पाकिस्तानची शिल्लक अधिक बारा होती. जपानकडून ५-२ असा पराभव झाल्याने भारताची उणे तीन. म्हणून इंडोनेशियाला किमान पंधरा गोलांच्या फरकाने हरवणे भाग होते. भारताने १६-० असा विजय मिळवला आणि पाकिस्तान मागे राहिला. तिथे नवव्या गोलावर थांबणे म्हणजे दया नव्हे, स्पर्धेतून माघार ठरली असती.

बाद सामन्यात मात्र हे गणितच नसते. एका गोलाने जिंका वा सतराने, पुढची फेरी तीच. मग दहाव्या गोलापासून पुढचे सारे गोल कोणत्या खात्यात जमा करायचे?

यावर कुणी म्हणेल, मग काय उभे राहायचे? मुळीच नाही. चेंडू उगाच इकडेतिकडे फिरवून समोरच्याला खेळवणे हा तर जास्त अपमान. मुलांना ते लगेच कळते. उपाय वेगळे आहेत. राखीव मुलांना मैदानात आणावे. बचावपटूला आघाडीवर खेळवावे. दहा पास झाल्याशिवाय गोलावर फटका मारायचा नाही, असे प्रशिक्षकाने आपल्या मुलांना हळूच सांगावे. खेळ खराच राहतो, फक्त जिंकणाऱ्याचे काम अवघड होते आणि त्यालाही काही शिकायला मिळते.

आपल्या खेळांनी हा विचार नियमांतच केला आहे. फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली की लढत संपते. खो-खोत ठराविक आघाडी घेणारा संघ समोरच्यांना लागोपाठ पुन्हा आक्रमण करायला लावू शकतो. तरी ते मागेच राहिले, तर हा संघ एक डाव राखून जिंकतो. राखून जिंकणे हा तिथे मोठेपणाच मानतात. मुलांच्या हॉकीत असा नियम करायला काय हरकत आहे?

मित्रहो, विजयी संघ सतरा गोल विसरलाही असेल. आमच्या घरी मात्र एक स्टिक अजून दारामागे उभी आहे. तो ती पुन्हा हातात घेईल की नाही, हे मला सांगता येत नाही. पण समोर खेळायला कुणी उरलेच नाही, तर जिंकणार तरी कुणाला?