हाफ प्लेट कॅमेऱ्याने माणसाचा फोटो

आमच्या घरात पणजोबांचा एकही फोटो नाही. आजीचे आहेत ते लग्नाच्या गर्दीतले, कुणाच्या तरी खांद्यामागून डोकावणारे, आणि एक आधारकार्डावरचा, जो पाहून ती स्वतःच हसते. तिचा नीट बसलेला एक फोटो व्हावा म्हणून मी लाकडी कॅमेऱ्याच्या नादी लागले. अकोल्यातील एका वृद्ध फोटोग्राफरांनी त्यांचा कॅमेरा मला हाताळू दिला. मोबाईल असताना हा उपद्व्याप कशाला, असे मैत्रिणी विचारतात.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. पुढे गावोगावचे स्टुडिओ अशाच कॅमेऱ्यांवर चालले. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. नेहमीच्या ३५ मिलिमीटर रोलमधल्या एका चित्राच्या सुमारे तेवीसपट जागा! त्यामुळे निगेटिव्ह कागदावर तशीच ठेवून छापली तरी हातात धरण्याजोगा फोटो मिळतो.

पुढे भिंग, मागे दुधी काच, मध्ये चामड्याचा भाता. डोक्यावर काळे कापड घेतले की काचेवर माणूस उलटा दिसतो. याची सवय दोन दिवसांत होते. स्पष्टता मात्र फार थोड्या खोलीपुरती असते, म्हणून जवळचा डोळा स्पष्ट करावा. चेहरा जवळून घेताना भाता लांबवावा लागतो. त्याची लांबी भिंगाच्या नाभीय अंतराच्या दीडपट झाली, तर प्रकाश सव्वादोनपट लागतो.

मग टोपण लावायचे, काचेच्या जागी फिल्मचा होल्डर बसवायचा, त्याची पट्टी वर ओढायची. आता आपल्याला काहीच दिसत नाही! टोपण काढून मोजायचे. सावलीच्या ओट्यावर, भिंगाचे छिद्र १६ वर असेल, तर सेकंदभर. तेवढा वेळ माणूस हलता कामा नये. पाठीला भिंत द्यावी. जुन्या फोटोंतली माणसे एवढी गंभीर का, याचे थोडे उत्तर इथे मिळते. आपण कॅमेऱ्याच्या शेजारी उभे असतो आणि समोरचा भिंगाकडे नव्हे, आपल्याकडे पाहतो. मोबाईलमध्ये हे होत नाही.

सरावाला एक्स-रेची फिल्म बरी. आठ बाय दहाच्या एका फिल्ममधून दोन तुकडे निघतात. काचेसाठी केलेल्या होल्डरात मागे पुठ्ठा घालावा लागतो. ही फिल्म तांबडा रंग ओळखत नाही, म्हणून मंद लाल दिव्यात डेव्हलप करताना चित्र उमटताना दिसते. दोन्ही बाजूंना लेप असल्याने ओरखडे लवकर पडतात. ट्रेमध्ये एका वेळी एकच तुकडा हलवावा.

पण याच गुणामुळे कुंकू काळे येते, सावळी त्वचा अधिक गडद होते आणि हिरवट-निळे गोंदण तिच्यात हरवते. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचे गोंदण जुन्या काचेच्या फोटोंत असेच पुसट झाले आहे. आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. ते गेले तर तो फोटो तिचा कसला? तेव्हा तिच्यासाठी सर्व रंग ओळखणारी फिल्म हवी. इलफोर्डची एफपी ४ पाच बाय सात इंचांत मिळते. ती पूर्ण अंधारात, बोटांच्या अंदाजाने कापायची. सध्या मी डोळे मिटून जुनी पत्रिका कापण्याचा सराव करते आहे.