‘हाय नून’ म्हणजे नेमके किती वाजता?

‘हाय नून’ म्हणजे आपली टळटळीत भरदुपार. पण ‘नून’ हा शब्द आला लॅटिनमधल्या ‘नोना’वरून, अर्थ ‘नववी’! सूर्योदयापासूनचा नववा तास, म्हणजे साधारण तीन. मठांतली ही प्रार्थनेची वेळ सरकत सरकत बारावर आली. आपली दुपार मात्र पहिल्यापासून जागेवर: द्विप्रहर, दिवसाचे दोन प्रहर सरले की दुपार. किती नेमका शब्द!

घड्याळात बारा वाजले तरी अकोल्यात सूर्य माथ्यावर नसतो. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, अकोला ७७ च्या आसपास. म्हणून सरासरी २२ मिनिटं उशीर. अमरावतीत १९. मेच्या २३ ते २५ तारखांच्या सुमारास इथे उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. डोक्याला दुपट्टा बांधा आणि सव्वाबाराला अंगणात काठी रोवून बघाच.