गिअरचे बटण अडकते तेव्हा

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअर लिव्हरवरचे बटण दाबले की दांड्याच्या आतली सळई सरकते आणि तिच्या टोकाची पिन खाचेतून सुटते. पी, आर, एन आणि डी या जागांच्या खाचा सारख्या खोलीच्या नसतात. त्यामुळे बहुतेक गाड्यांत डीमधून एनमध्ये येताना बटण लागत नाही. एनमधून आरमध्ये आणि आरमधून पीमध्ये जाताना मात्र लागते. बोट उचलले की स्प्रिंग सळईला जागेवर आणते. याच्या जोडीला एक विजेचे कुलूप असते. इग्निशन चालू आणि ब्रेकवर पाय, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की सोलेनॉइड ते उघडतो आणि मगच लिव्हर पीमधून हलतो.

‘बटण अडकलंय’ म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या गाडीचे दुखणे म्हणूनच तीन प्रकारचे असू शकते. बटण दाबलेच जात नाही, दाबलेले वर येत नाही, किंवा ते नीट दाबले जाते पण लिव्हर जागचा हलत नाही. कोणता प्रकार आहे हे न पाहता अख्खी शिफ्टर असेंब्ली बदलणे म्हणजे बहुधा पैसे वाया घालवणे.

मिरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि अधेमधे मिठागरे. त्यामुळे गाडीत काहीही बिघडले की खाऱ्या हवेवर बोट ठेवायची सवय इथे आहे. बटणाच्या बाबतीत मात्र खरी गुन्हेगार बहुतेक वेळा साखरच असते. काशिमीऱ्याला किंवा घोडबंदर रस्त्यावर गाडी तासभर रखडते, लिव्हरच्या शेजारच्या खाचेत चहाचा कागदी कप ठेवलेला असतो आणि पुढची गाडी हलली की घाईत तो कलंडतो. वरचा चहा पुसला जातो, पण बटणाच्या फटीत उतरलेला तिथेच वाळतो. टॉर्च मारून पाहिले तर बटणाच्या कडेने चिकट तपकिरी रेघ दिसते. पुढे तिच्यावर धूळ बसून तिचा राप होतो. दाबलेले बटण वर येत नसेल तर आधी हेच तपासावे.

उपाय सोपा आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढून इंजिन बंद करावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने फट पुसावी आणि बटण वीस-पंचवीस वेळा दाबून सोडावे. पाणी ओतू नये; अनेक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण करणारी पेटी याच कन्सोलखाली असते. गंज सोडवणारा स्प्रे मारला तर बटण तात्पुरते मोकळे होते, पण मागे उरलेला तेलाचा थर नवी धूळ धरून ठेवतो. वंगण लागलेच तर प्लॅस्टिकला चालणारे सिलिकॉनचे, तेही थेंबभरच. एवढे करूनही बटण सैल राहिले तर आतली स्प्रिंग किंवा प्लॅस्टिकचा तुकडा मोडला आहे असे समजावे.

पीमध्ये बटण दाबलेच जात नसेल, किंवा दाबूनही लिव्हर हलत नसेल, तर बटणाला दोष देण्याआधी ब्रेक लाइट पाहावेत. त्यासाठी दुसरा माणूसही लागत नाही. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी असेल तर ब्रेक दाबताच मागच्या काचेतून भिंतीवर लाल उजेड दिसतो. तो दिसला नाही तर पेडलजवळचा ब्रेक स्विच किंवा फ्यूज गेलेला असण्याचा संभव मोठा. पाय ब्रेकवर आहे हे कुलपाला कळतच नाही. दमट, खारी हवा आपले काम करते ती अशा स्विचच्या आणि वायरच्या जोडांवर. लाल उजेड पडतो, पण लिव्हरजवळून बारीकसा ‘टक’ येत नाही, तर संशय सोलेनॉइडवर घ्यावा.

पोडियम पार्किंगच्या उतारावर निराळाच प्रकार घडतो. आधी पी टाकून मग हँडब्रेक ओढला, तर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्या खिटीवर येतो आणि सकाळी लिव्हर सुटता सुटत नाही. ब्रेक दाबून धरावा, एनमध्ये येऊन हँडब्रेक ओढावा, पाय हलकेच सैल करून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यावी आणि मगच पी टाकावा, म्हणजे हा त्रास होत नाही.

एएमटी गाड्यांत पी बहुधा नसतोच. २०१४ मध्ये आलेली मारुतीची ऑटोमॅटिक सेलेरिओ याच जातीची. काही मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग वर ओढावी लागते. तीही चिकटते आणि तिची सफाईही अशीच.

रस्त्यात लिव्हर पीमध्येच अडकला तर अनेक गाड्यांत त्याच्या शेजारी छोटे झाकण सापडते. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, झाकणाखालच्या भोकात किल्ली किंवा पेचकस दाबून धरला की कुलूप हाताने सुटते. हे फक्त गॅरेज गाठण्यापुरते. तेही जमले नाही तर गाडी फ्लॅटबेडवरूनच न्यावी. पीमध्ये अडकलेली गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढली तर ती खिटीच तुटायची.

बटण ठणठणीत असूनही धोका उरतो तो लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये. २०२२ मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या या केबलच्या टोकाच्या एका बुशिंगपायी. ते झिजून निसटले की लिव्हर पी दाखवतो आणि गिअरबॉक्स दुसऱ्याच गिअरमध्ये असतो. म्हणून कोणतीही दुरुस्ती झाल्यावर सपाट जागी, पाय ब्रेकजवळ ठेवून, पी टाकावा, हँडब्रेक सोडावा आणि बाहेरून कोणाला तरी गाडी हलकेच ढकलायला सांगावे. ती किंचित डुलून थांबली तर पी खरोखरच लागला आहे.