टीसीपी की यूडीपी? सरासरी विलंब बघून ठरवू नका

समजा, तीन शहरांतले संगणक मिळून रणगाड्यांचं एकच सिम्युलेशन चालवतायत. टीसीपी घ्यायचं की यूडीपी? "टीसीपीत डेटा हरवत नाही" हे उत्तर आपल्याला पाठ असतं, आणि इथंच गडबड होते.

डीआयएस या मानकात (आयईईई १२७८) वस्तूची स्थिती सांगणारं मूळ पॅकेट १४४ बाइटचं. सेकंदाला ३० पाठवली तर हजार वस्तूंना साधारण ३५ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात, हेडर वेगळे. १९८० च्या दशकात, सिमनेटच्या काळात, इथरनेटच १० मेगाबिटचं होतं. म्हणून डेड रेकनिंग: समोरचा संगणक शेवटच्या वेगावरून पुढची जागा स्वतःच काढतो. पाठवणाराही तोच हिशोब चालवतो, आणि खरी जागा त्या अंदाजापासून ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तरच नवं पॅकेट सोडतो. एरवी दर ५ सेकंदांनी नुसती हजेरी.

आता गंमत बघा. यामुळे पॅकेटं विरळ होतात. टीसीपीला पॅकेट हरवल्याचं चटकन कळतं ते मागून येणाऱ्या पॅकेटांमुळे. मागून कुणी येतच नसेल तर टायमर संपायची वाट बघायची. लिनक्सवर तो किमान २०० मिलिसेकंद. ताशी ५४ किमीने जाणारा रणगाडा भिंतीला धडकून थांबला, तर समोरच्या पडद्यावर तो ३ मीटर तरी पुढे जाणार.

पण यूडीपीचं कौतुक करण्याआधी हेच उदाहरण तिथं लावा. "थांबलो" सांगणारं पॅकेट हरवलं. पाठवणाऱ्याच्या हिशोबात रणगाडा उभा, प्रत्यक्षातही उभा, म्हणजे फरक शून्य! तो गप्प बसतो. पुढची हजेरी ५ सेकंदांनी, तोवर पडद्यावरचा रणगाडा ७५ मीटर पुढे.

आणि तुमचा सरासरी विलंबाचा आलेख? तो छानच दिसेल, कारण जे पॅकेट पोहोचलंच नाही त्याचा विलंब मोजलाच जात नाही.

म्हणून मोजायचं ते पाहणाऱ्याकडची जागेची चूक, तीही सरासरी नव्हे, ९९ वा पर्सेंटाइल. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं जुळवावी लागतात (पिंगचा निम्मा वेळ धरणं मला पटत नाही, जाण्यायेण्याचे रस्ते वेगळे असू शकतात). मग उपाय तपासा: महत्त्वाचं पॅकेट दोनदा पाठवणं, हजेरी लवकर घेणं, किंवा एचएलएसारखं प्रत्येक गुणधर्मासाठी खात्रीचा की जमेल तसा मार्ग हे वेगळं ठरवणं.