नगरपालिका आणि कला : फ्रँकफर्ट शहराची गोष्ट

तेल अवीवच्या रॉथशिल्ड बुलेव्हार्डवरील १६ क्रमांकाची इमारत आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. १४ मे १९४८ रोजी डेव्हिड बेन गुरियन यांनी तेथेच इस्रायल राष्ट्राची घोषणा केली. ही इमारत मूळची शहराचे पहिले महापौर मेइर डिझेनगॉफ यांचे राहते घर होते. पत्नी झिना वारल्यावर त्यांनी ते शहराला देऊन टाकले आणि १९३२ मध्ये तेथे तेल अवीव म्युझियम सुरू झाले. त्या वेळी शहराच्या स्थापनेला पंचवीस वर्षेही झाली नव्हती. आपल्या राष्ट्राची घोषणा झाली ती अशी एका शहराच्या चित्रसंग्रहालयात.

आपण दरवर्षी अर्नोना भरतो. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात असताना घरपट्टी भरत होतो. इरियाचे काम म्हणजे पाणी, कचरा, दिवाबत्ती, गटारे आणि शाळा, असेच आपण धरून चालतो. मग तिने नाटकावर, संगीतावर, चित्रांवर पैसे का खर्च करावेत? आणि केलेच, तर त्यात आपल्यासारख्या लहान समाजाचा वाटा कोणता? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराइतके योग्य उदाहरण मिळणे कठीण. ज्या रॉथशिल्ड घराण्याचे नाव त्या बुलेव्हार्डला आहे, ते घराणे याच शहरातले.

जर्मनीत पैसा कोण देतो?

नाझी राजवटीत नाटक, संगीत, चित्रकला, रेडिओ, वर्तमानपत्रे सारे बर्लिनच्या मुठीत होते. त्याचा परिणाम जगाने भोगला. म्हणून १९४९ साली पश्चिम जर्मनीची नवी राज्यघटना आली, तेव्हा संस्कृतीचा कारभार मुख्यतः राज्यांकडे आणि शहरांकडे राहिला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे केंद्र सरकारात संस्कृतीसाठी वेगळे पद नव्हते. ते प्रथम १९९८ मध्ये निर्माण झाले. आजही सरकारी तिजोरीतून संस्कृतीवर शंभर युरो खर्च झाले, तर त्यांतले सुमारे चाळीस युरो गावोगावच्या नगरपालिकांचे असतात, जवळपास तेवढेच राज्यांचे आणि उरलेले केंद्राचे.

या पैशावर देशात सुमारे १४० सार्वजनिक नाट्यसंस्था चालतात. आपल्याकडच्या पद्धतीहून ही पद्धत वेगळी आहे. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ पासून उभे आहे आणि ते पालिकेचे आहे. पण पालिका देते ते नाट्यगृह. नाटक आणतो निर्माता, भाडे भरतो तो आणि खोट सोसतो तोच. जर्मनीत शहराच्या नाट्यसंस्थेत नट, गायक, वादक, शिंपी, सुतार हे सारे पगारावर असतात. तिकिटांतून आणि इतर कमाईतून खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा निघतो. बाकीचा भार करदात्यावर.

निर्णय कसा होतो तेही पाहू. निवडून आलेले नगरसेवक अंदाजपत्रक मंजूर करतात. मोठ्या शहरात संस्कृती खात्याचा एक प्रमुख असतो. नाट्यसंस्थेचा संचालक ठरावीक वर्षांच्या करारावर नेमला जातो. एकदा तो नेमला की कोणते नाटक करायचे हे तो ठरवतो. त्यात महापौरालाही हात घालता येत नाही, कारण कलेचे स्वातंत्र्य राज्यघटनेतच लिहिले आहे. थोडक्यात, पैसा शहराचा आणि निवड कलावंताची.

या व्यवस्थेची एक दुबळी बाजू आहे. अग्निशमन, शाळा यांसारखी कामे कायद्याने शहरावर बंधनकारक असतात. नाट्यगृह बहुतेक राज्यांत बंधनकारक नाही, ते शहराने आपखुशीने करायचे काम समजले जाते. त्यामुळे तिजोरीत खडखडाट झाला की कात्री आधी तेथे लागते. जगप्रसिद्ध नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांच्या वुप्पर्टाल शहराला २०१३ मध्ये आपले मोठे नाट्यगृह बंद करावे लागले. खुद्द फ्रँकफर्टनेही २००४ मध्ये आपले नावाजलेले नृत्यपथक बंद केले. सॅक्सनी या एका राज्याने मात्र नव्वदच्या दशकात कायदा करून संस्कृती हे स्थानिक संस्थांचे बंधनकारक काम ठरवले.

शहराने दिले आणि शहराने लुटले

मुंबईचे महापौरपद आपल्या डॉ. ई. मोझेस यांनी १९३७-३८ मध्ये भूषविले, हे आपण अभिमानाने सांगतो. महालक्ष्मीजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. फ्रँकफर्टलाही यहुदी घरात जन्मलेले महापौर लाभले होते. त्यांचे नाव लुडविग लांडमान. १९२४ ते १९३३ या काळात त्यांनी शहराचा कारभार पाहिला. कामगारांसाठी घरांच्या नव्या वसाहती त्यांच्याच काळात उभ्या राहिल्या. लुइझे फॉन रॉथशिल्ड यांनी १८८७ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ सर्वांसाठी खुले ग्रंथालय काढले होते. माइन नदीच्या काठी रॉथशिल्ड घराण्याच्या वाड्यात असलेले ते ग्रंथालय १९२८ मध्ये शहराकडे आले. हा वाडा लक्षात ठेवावा, त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

मार्च १९३३ मध्ये लांडमान यांना पद सोडावे लागले. पुढे ते हॉलंडला गेले आणि १९४५ मध्ये तेथेच लपून राहत असताना वारले. नगरपालिका तीच, कचेरी तीच, पण आता ती नाझींच्या हातात होती. शहराच्या ऑपेराचे संगीत संचालक हान्स विल्हेल्म स्टाइनबर्ग यांना यहुदी म्हणून काढून टाकण्यात आले. व्हायोलिनवादक ब्रोनिस्लाव हुबरमान तेव्हा पॅलेस्टाइनमध्ये नवा वाद्यवृंद उभारत होते. त्या वाद्यवृंदाची तालीम स्टाइनबर्ग यांनी घेतली आणि डिसेंबर १९३६ मध्ये तेल अवीव येथे तोस्कानिनी यांनी त्याचा पहिला कार्यक्रम केला. तोच आजचा इस्रायल फिलहार्मोनिक. फ्रँकफर्टने घालवले ते आपल्याला मिळाले.

नोव्हेंबर १९३८ मध्ये, सिनेगॉग जाळली गेली त्याच दिवसांत, फ्रँकफर्ट नगरपालिकेने वृद्ध मॅक्सिमिलियन फॉन गोल्डश्मिट-रॉथशिल्ड यांचा मोठा कलासंग्रह आपल्या संग्रहालयासाठी विकत घेतला. कागदोपत्री तो व्यवहार होता. पण ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्याशी व्यवहार कसला? युद्धानंतर तो संग्रह वारसांना परत करावा लागला. शहर कलेवर किती खर्च करते एवढे पाहून म्हणूनच भागत नाही. ते कोणाला नागरिक मानते, हेही पाहावे लागते.

‘सर्वांसाठी संस्कृती’

युद्धानंतर फ्रँकफर्ट बँकांचे आणि उंच इमारतींचे शहर झाले. १९७० मध्ये हिल्मार हॉफमन हे संस्कृती खात्याचे प्रमुख झाले आणि १९९० पर्यंत त्या पदावर राहिले. मध्यंतरी १९७७ मध्ये शहरात विरोधी पक्ष सत्तेवर आला, तरी त्याने त्यांना बदलले नाही. त्यांचे सांगणे सोपे होते. कर सगळेच भरतात, तर नाटक-संग्रहालयाचे दार केवळ शिकलेल्या सुखवस्तू लोकांसाठी का उघडावे? ‘सर्वांसाठी संस्कृती’ या नावाचे त्यांचे पुस्तक १९७९ मध्ये आले. त्यांच्याच काळात, १९७१ मध्ये, शहराने स्वतःचे चित्रपटगृह सुरू केले. खासगी चित्रपटगृहवाले कोर्टात गेले, पण चांगले चित्रपट दाखवणे हेही पालिकेचे काम होऊ शकते, असाच निकाल लागला. नदीकाठच्या जुन्या हवेल्या घेऊन आणि नव्या इमारती बांधून दोन्ही तीरांवर संग्रहालयांची रांग उभी राहिली.

‘अनुदानावरचा यहुदीद्वेष’

आता दुसरा प्रश्न. शहराच्या पैशाने चाललेली कलाच आपल्याला दुखावणारी निघाली तर?

१९८५ मध्ये फ्रँकफर्टच्या शहरी नाट्यसंस्थेने राइनर वेर्नर फासबिंडर यांचे एक नाटक बसवले. लेखक तीन वर्षांपूर्वी वारले होते. नाटकात जमिनींचे सौदे करणारे एक पात्र आहे. त्याला नाव नाही, त्याला नुसतेच ‘श्रीमंत यहुदी’ म्हटले आहे. शहरातील यहुदी समाज तेव्हा लहान होता आणि त्यांत छळछावण्यांतून वाचलेले लोक होते. ३१ ऑक्टोबरच्या रात्री पहिला प्रयोग सुरू होण्याच्या वेळी समाजाचे काही लोक रंगमंचावर जाऊन उभे राहिले. इग्नात्स बुबिस हे समाजाचे प्रमुख, तेही त्यांत होते. हातातल्या कापडी फलकावर लिहिले होते : ‘अनुदानावरचा यहुदीद्वेष’. रंगमंचावरील लोक आणि प्रेक्षक यांच्यात वादविवाद बराच वेळ चालला. प्रयोग झाला नाही. पुढे ते नाटक मागे घेण्यात आले.

महापौर वाल्टर वालमान यांना ते नाटक पसंत नव्हते, पण त्यांनी बंदीचा हुकूम काढला नाही. हॉफमन कलेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने राहिले. कोण बरोबर, यावर जर्मनीत आजही दोन मते आहेत. आपल्यासाठी महत्त्वाचे असे की, समाजाच्या तक्रारीचे मर्म ‘अनुदान’ या शब्दात होते. हे नाटक आमच्या करातूनही होत आहे, असे ते सांगत होते. युद्धानंतर जर्मनीतील यहुदी लोक सहसा गप्प राहत, जणू बॅगा भरूनच बसलेले. त्या रात्री ते आपल्या शहराला जाब विचारणारे नागरिक म्हणून उभे राहिले.

दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, शहराच्या वीज-पाणी खात्याच्या नव्या इमारतीसाठी बर्नेप्लाट्स येथे खोदकाम सुरू असताना जुन्या यहुदी गल्लीच्या घरांचे पाये आणि मिक्वे सापडले. १४६२ पासून तीनशेहून अधिक वर्षे शहरातील यहुद्यांना त्या एका गल्लीत कोंडून ठेवले होते. रॉथशिल्ड घराणे तिथलेच. पालिकेला इमारत हवी होती, लोकांना अवशेष. निदर्शने झाली, लोक खड्ड्यात उतरून बसले. शेवटी तडजोड झाली. इमारत झाली, पण पाच घरांचे पाये तिच्यात जपून ठेवले आणि १९९२ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. सगळे अवशेष वाचले नाहीत, पण सगळे गेलेही नाहीत.

आणि नदीकाठचा तो रॉथशिल्ड वाडा? ९ नोव्हेंबर १९८८ रोजी, सिनेगॉगांच्या जाळपोळीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तेथे फ्रँकफर्टचे यहुदी संग्रहालय सुरू झाले. ते समाजाच्या वर्गणीवर चालणारे नाही. ते नगरपालिकेचे आहे, आणि जर्मनीत एखाद्या शहराने काढलेल्या अशा संग्रहालयांत ते आरंभीचे. २०२० मध्ये नवी इमारत जोडून ते पुन्हा खुले झाले. बर्नेप्लाट्सजवळच्या जुन्या कबरस्तानाच्या भिंतीवर १९९६ पासून लहान लहान ठोकळे बसवलेले आहेत. प्रत्येकावर मारल्या गेलेल्या एकेका नागरिकाचे नाव. अशी अकरा हजारांहून अधिक नावे आहेत. फ्रँकफर्टमध्ये जन्मलेल्या अ‍ॅन फ्रँकचेही त्यांत आहे. येणारे लोक त्यावर आपल्या रीतीप्रमाणे खडे ठेवतात.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट अशी की, पालिकेने कलेसाठी दिलेला पैसा म्हणजे दानधर्म नव्हे. तो आपण भरलेलाच पैसा आहे. म्हणून तो मागताना संकोच नको, आणि तो चुकीच्या ठिकाणी जात असेल तर बोलायलाही संकोच नको. दुसरी गोष्ट, शहर आपणहून लहान समाजाची आठवण ठेवत नाही. फ्रँकफर्टने ती ठेवली, कारण कोणी रंगमंचावर उभे राहिले आणि कोणी खड्ड्यात उतरले.

आपल्यावर तशी वेळ नाही. आपले काम सोपे आहे. आपल्या घरांत कोकणातल्या गावांचे जुने फोटो आहेत, मराठी कीर्तनांच्या वह्या आहेत, लग्नाचे केतुबा आहेत, आजीच्या तोंडची गाणी आहेत. मुलांना मराठी वाचता येत नाही, नातवंडांना फोटोतली माणसे ओळखता येत नाहीत. आपल्या मागे या वस्तूंचे काय होणार, हा प्रश्न आजच विचारायला हवा. फोटोच्या पाठीमागे नाव, गाव आणि साल लिहावे. गाणी नातवंडांकडून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. मग एकट्याने नव्हे, तर सिनेगॉगच्या समितीमार्फत, सर्वांच्या सह्यांचे पत्र घेऊन इरियाच्या संस्कृती खात्याकडे जावे. शहराच्या ग्रंथालयात एक कपाट, वर्षातून एक प्रदर्शन, कीर्तनासाठी एक सभागृह, एवढेच मागावे. उत्तर नकारार्थी आले तर पुढच्या अंदाजपत्रकाच्या आधी पुन्हा जावे.

डिझेनगॉफ यांनी घर दिले, लुइझे रॉथशिल्ड यांनी ग्रंथालय दिले. आपल्याकडे देण्यासारखे फोटो आणि वह्या आहेत. त्या ठेवायला जागा देणे हे शहराचे काम आहे, आणि ती मागणे हे आपले.